लाल अक्षरातला म्हातारा

पत्रक कसं लिहायचं हे मला रीतसर शिकवलेलं आहे. वाचणारा सायकलवर आहे, त्याला घाई आहे आणि त्याचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही, असं धरून चालायचं. तीन सेकंदांत त्याला कळलं पाहिजे: काय झालं, कोणी केलं, कुठे जमायचं. जाड अक्षर, लाल रंग. लपवायचं काही नाही. छापायला देण्याआधी कागद हातभर लांब धरायचा आणि लिहिणाऱ्याच्या नव्हे, वाचणाऱ्याच्या नजरेनं तपासायचा. जे वाचणाऱ्याला दिसत नाही ते लिहिलेलंच नाही.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते बावळटपणातून केलं असं माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही. मी ते शिस्तीतून केलं.

भाऊ गांधीबागेत एका डिझाइनच्या दुकानात काम करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, साड्यांच्या खोक्यांवरची चित्रं. आमच्या संघटनेची सगळी पत्रकं गेली पाच वर्षं त्यानेच जुळवून दिली. नाल्याकाठच्या घरांना मालकीचे पट्टे मिळावेत म्हणून आम्ही जे काही छापलं, त्यातली एकेक ओळ त्याच्या हाताखालून गेली. त्या बदल्यात त्याने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. दर रविवारी दुपारी तो धरमपेठेत जायचा. मला वाटायचं, मुलगी असेल. वेगळ्या जातीची असेल म्हणून सांगत नसेल. मी मनातल्या मनात त्याच्या बाजूने भाषणसुद्धा तयार ठेवलं होतं.

मुलगी नव्हती. खेळ होता. टेबलाभोवती चारजण बसतात. एक चोर होतो, एक वैद्य, एक शिपाई, एक मंत्रवाला. माझा भाऊ त्यांना सांगतो की तुमच्यासमोर आता अमुक आहे, ते सांगतात की आम्ही तमुक करतो, फासे टाकतात, जे पडेल ते घडतं. जागेचा नकाशा टीव्हीवर दिसतो. अशी एकच गोष्ट ते अडीच वर्षं खेळत होते. शिकलीसवरलेली, कमावती माणसं! मी ऐकलं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, की आमच्या मोर्चाला यायला तुम्हाला वेळ का नसतो?

मग इतवारीत भांड्यांच्या हातगाडीवर त्याची स्कूटी आदळली. गंज, परात, पितळी हंडे सगळे रस्त्यावर, आणि त्याच्यावर हा. उजवं मनगट मोडलं. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर.

त्याच संध्याकाळी तो पलंगावर बसून भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, तुह्याकडे एक काम होतं."

"बोल ना गा."

"मले एक मॅप करून देशील? माऊस तू धर. सांगतो मी."

"कायचा मॅप?"

मग त्याने सांगितलं. येणारा रविवार शेवटचा. चारांपैकी एक हैदराबादला चाललाय, एक पुण्याला. त्यानंतर ही गोष्ट संपणारच नाही, नुसती सुटून जाणार. शेवट फक्त त्याच्या डोक्यात आहे, अडीच वर्षांपासून. आणि शेवट असा: या चौघांबरोबर पहिल्या दिवसापासून एक म्हातारा चालतोय. खेळणारा कोणी नाही, भावानेच रचलेला, भावाच्याच आवाजात बोलणारा. त्यांना भाकर करून घालतो, जखमा बांधतो, वाट दाखवतो. तो फितूर आहे. रविवारी तो त्यांना किल्ल्यात नेणार आणि मागचं दार आतून लावून घेणार.

"मले काही नाही पायजे, ताई. दार लागलं का त्यायचं तोंड कसं होते, तेवढं पाह्यचं आहे."

अडीच वर्षं एका तोंडासाठी. मला काही समजलं नाही. पण त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं, म्हणून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला. राखाडी पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि डाव्या कडेला वीसेक चित्रं. एकाखालीही शब्द नाही. एक कुलूप, एक डोळा, एक ढग, एक हात. मी भडकले. ज्याने हे बनवलं त्याने कधी कुणाला काही समजावून सांगितलंय का आयुष्यात? हात म्हणजे काय? मदत? थांबा? निवडणूक?

"हात म्हणजे सरकवणं होय," भाऊ म्हणाला. "अन् ताई, तू त्याच्याशी भांडून काहून राहिली? ते ऐकत नाही."

मी भिंत काढली. दगडी, सुरेख. तो म्हणाला, ही भिंत नाही. मी म्हटलं, मग काय आहे? म्हणे, हे भिंतीचं चित्र आहे. खरी भिंत वेगळी काढायची, ती एक रेघ असते, खेळणाऱ्यांना ती दिसत नाही, पण तिच्यापलीकडचंही त्यांना दिसत नाही. म्हणजे जी दिसते ती भिंत नाही आणि जी भिंत आहे ती दिसत नाही. मी दोनदा विचारलं. दोनदा त्याने हेच सांगितलं. वर प्रत्येक माणसाच्या हातात मशाल द्यायची, तिचा उजेड किती फुटांपर्यंत जातो ते भरायचं. एका कोपऱ्यात माझ्या दोन रेघांमध्ये केसाएवढी फट राहिली, तर तिथून उजेडाची तिरीप थेट खजिन्याच्या खोलीत. ती फट शोधण्यात माझी अख्खी सकाळ गेली. त्या दिवशी मला तहसील कार्यालयात निवेदन द्यायचं होतं. मी तिथे उशिरा पोहोचले आणि साहेबांच्या दाराची चौकट बघत उभी राहिले, की ही चित्र आहे की रेघ.

चौकोनांचा हिशेब मात्र मला पटकन कळला. एक चौकोन म्हणजे पाच फूट. आम्ही टेप घेऊन नाल्याकाठची घरं मोजलेली आहेत. दहा बाय बाराची खोली मला डोळे मिटून दिसते. म्हणजे दोन चौकोन रुंद आणि अडीचही चौकोन लांब नाही. त्यात माणसं सात. आणि किल्ल्यातला ड्रॅगन झोपायचा दिवाणखाना चाळीस चौकोन बाय तीस.

"एकट्याले एवढी जागा?"

"ताई, तो ड्रॅगन होय."

"असू दे. अन् किल्ल्याखालच्या या गावात विहीर कुठी आहे?"

"गावात कोणी जातच नाही वं! ते नुसतं वरून दिसते."

हेच. अगदी हेच. सरकारी नकाशात आमच्या वस्तीच्या जागी हिरवा रंग भरलेला आहे, मोकळी जागा म्हणून. तिथेही कोणी जातच नाही. मी त्याला हे दहा मिनिटं सुनावलं. तो प्लास्टरच्या आत पट्टी घालून खाजवत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं, टाक विहीर."

चित्रांचा साठा उघडला. मनोरे दोनशे, कवट्या शंभर, तऱ्हेतऱ्हेची सिंहासनं. हॅन्डपंप नाही. कपडे वाळत घालायची दोरी नाही. मग मी एक तलवार उलटी करून पिंपाला टेकवली, वर एक हाडूक आडवं ठेवलं. लांबून हॅन्डपंप दिसायला लागला. भाऊ इतका हसला की त्याचं मनगट दुखलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं रे पोट्ट्या?" तो म्हणाला, "आई, ताईनं राक्षसाच्या गावात नळयोजना आणली." अपघातानंतर तो पहिल्यांदा हसत होता. मीही हसले, पण मनात गोंधळच होता. त्या गावात कोणी राहत नाही हे मला माहीत होतं. तरी पंप बसल्यावर मला बरं वाटलं. का वाटलं?

शुक्रवारी थर आले. थर म्हणजे लेयर. भावाने मला माझ्याच भाषेत सांगितलं: "तुह्या पत्रकात खाली फोटो असते, वर अक्षरं असते. तसंच. एकावर एक पातळ कागद. पण यात एक कागद फक्त माहा आहे. त्यावरचं त्यायले दिसत नाही."

"मग लिहायचं कशाले?"

"माह्यासाठी. मी विसरलो तं?"

त्याने अकरा नोंदी सांगितल्या, मी टाइप केल्या. कुठल्या खोलीत सापळा, कुठली किल्ली खोटी. पहिली नोंद म्हाताऱ्याची. म्हातारा म्हणजे पांढऱ्या दाढीची एक गोल चकती, चौघांच्या चकत्यांशेजारी, किल्ल्याच्या दरवाजापाशी. तिथूनच खेळ सुरू होणार होता. बाकी सगळ्या किल्ल्यावर काळं धुकं. ते जिथे जातील तिथलं धुकं मी पुसत जायचं, असं ठरलं.

शनिवारी दुपारी दुखण्याची गोळी घेऊन तो झोपला आणि मी शेवटचा हात फिरवायला बसले. आणि मी ते केलं जे मला शिकवलं होतं. वाचणाऱ्याच्या नजरेनं तपासलं. त्याला एक बटणच होतं, डोळ्याचं: खेळणाऱ्यांना दिसेल तसं दाखवा. दाबलं. नोंदी गायब. अकराच्या अकरा.

मला वाटलं, सेव्ह झालं नाही. परत आले, होत्या. डोळा दाबला, गेल्या. तीनदा असं झालं. गुपित आहे हे मला माहीत होतं. नोंदी जाता कामा नयेत हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. मला एवढंच दिसत होतं की उद्या सगळे टीव्हीकडे बघणार, भाऊही टीव्हीकडेच बघणार, आणि त्याचं लिहिलेलं तिथे नाही. तासभर धडपडून मला उपाय सापडला. नोंदी त्या कागदावरून उचलून चकत्यांच्या कागदावर ठेवल्या की डोळा दाबला तरी राहतात! मी अकराही उचलल्या. टीव्ही लांब असेल म्हणून अक्षर मोठं केलं. म्हाताऱ्याची नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून ती लाल.

संध्याकाळी भावाने बघितलं. लॅपटॉपवर, त्याच्या बाजूने. तिथे सगळे थर सारखेच दिसतात.

"लाल काहून केलं?"

"लांबून दिसावं म्हणून."

"बरं," तो म्हणाला. आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली. आमच्या घरात हेच आभार.

रविवारी मी त्याला मागे बसवून धरमपेठेत नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तो हैदराबादला जाणाऱ्या उंच पोराचा, खेळातल्या शिपायाचा. भिंतीशी बांधलेली खोकी, टेबलावर चिवड्याचं पातेलं आणि फासे. पुण्याला निघालेली मुलगी बँकेत आहे, ती या खेळात चोर होते. आणखी दोघं होते, वैद्य आणि मंत्रवाला. ते कमी बोलणारे. सगळ्यांनी भावाच्या प्लास्टरवर सह्या केल्या. भाऊ मधोमध बसला, इस्त्रीचा शर्ट घालून. तो घरात कधी असा बसत नाही. मला त्याचं एवढं कौतुक वाटलं आणि एवढा रागही आला, की हा इथे असा असतो अन् आम्हाला माहीतच नाही.

वायर जोडली. टीव्ही लागला.

काळं धुकं. मधे उजेडाचा एक तुकडा, त्यात किल्ल्याचा दरवाजा, पाच चकत्या. आणि पांढऱ्या दाढीच्या डोक्यावर, वीतभर उंचीच्या लाल अक्षरात:

हाच फितूर. मागचं दार आतून हाच लावतो.

तीन सेकंद. खरंच तेवढेच लागले. पाच वर्षांत माझं एकही पत्रक इतक्या स्वच्छ, इतक्या लवकर वाचलं गेलेलं नाही.

मी भावाकडे बघितलं. तो टीव्हीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पंखा फिरत होता. शेवटी मीच तोंड उघडलं. "माझी चूक आहे ही. त्याने सांगितलं होतं, मीच दुसऱ्या कागदावर ठेवलं. त्याची काही चूक नाही." हे बोलले आणि कळलं, की आता तर शिक्काच बसला. चूक आहे म्हणजे खरं आहे.

कोणी माझ्याकडे वळलं नाही. बँकवाली मुलगी चिवड्याचा हात झटकत पुढे सरकली. टीव्हीकडे नाही, भावाकडे बघून म्हणाली, "बाबा, लय दमले असान तुम्ही. किल्ला आला. तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो. तुमच्याशिवाय कोणावर विश्वास ठेवाचा?"

मग भावाच्या गळ्यातून एक म्हातारा, घोगरा आवाज निघाला. मी तो कधी ऐकला नव्हता. "चला पोरं हो. दिवा माझ्या हाती द्या."

"अरे पण!" मी उठलेच. "दिसत नाही का तुम्हाला? लिहिलंय ना वर!"

उंच पोरगा माझ्याकडे वळला. अगदी हळू, समजूत घालावी तसा बोलला. "ताई, आम्हाले दिसते. आमच्या शिपायाले नाही दिसत. त्याच्यासाठी तो बाप होय."

"पण तुला माहीत आहे!"

"मले आहे. त्याले नाही."

मी खाली बसले. माझा सगळा धंदा एका गोष्टीवर उभा आहे: माणसाला कळलं की तो तसा वागत नाही. कळत नाही म्हणून वागतो. म्हणून तर आम्ही रविवारी सकाळी कागद वाटत फिरतो. आणि इथे चार माणसं, वाचता येणारी, वाचलेली, लाल अक्षरांखालून फितुराच्या मागे चालली होती. मी धुकं पुसत होते. एक खोली, दुसरी खोली. माझ्या बाकीच्या दहा नोंदीही एकेक उघड्या पडत होत्या. "इथे सापळा" असं लिहिलेल्या फरशीवर वैद्य पाय ठेवायचा, फासे टाकायचा, ओरडायचा. मंत्रवाल्याने खोटी किल्ली मोठ्या आनंदाने कुलपात घातली. मधे एकदा खालच्या गावावरचं धुकं पुसलं, तेव्हा उंच पोराने तिकडे बोट करून विचारलं, "हे काय होय?" भाऊ म्हणाला, "हॅन्डपंप." "बरं आहे," तो म्हणाला, आणि त्याचा शिपाई तिथे जाऊन पाणी प्यायला. मला रडू आलं की हसू, माझं मलाच कळेना.

शेवटच्या खोलीत भावाचा आवाज बारीक झाला. म्हातारा मागे राहतो. दार लागतं. कडी सरकते.

बँकवाली मुलगी ताडकन उठली. खुर्ची मागे पडली. "बाबा!" ती ओरडली. मग आणखी एकदा, आवाज फाटल्यासारखा. "बाबा, भाकर खाल्ली ना तुमच्या हातची!" उंच पोराने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भाऊ त्यांच्याकडे बघत होता, एकेकाकडे, सावकाश. मी माऊसवरचा हात काढून घेतला.

नंतर खूप वेळ ते एकमेकांना सोडत नव्हते. निरोपाचं जे असतं ते सगळं झालं. पोरगा प्लास्टरवर डोकं टेकवून रडला. माझ्याशी सगळे नीट वागले, फार नीट. मुलीने मला चिवडा बांधून दिला.

खाली येऊन स्कूटी काढली. भाऊ मागे बसला. लक्ष्मीभवन चौकात सिग्नल लाल होता. तिथे मी मान वळवून विचारलं, "रागावला गा?"

"हाव."

"शिव्या दे ना मग."

"देतो नंतर." थोड्या वेळाने म्हणाला, "मले त्यायचं खरं तोंड पाह्यचं होतं, ताई. त्यायनं मले करून दाखवलं. माह्यासाठी. कोण करते एवढं कोणासाठी? पण मले ते नाही पायजे होतं."

त्यांनी जे केलं ती फसवणूक होती की माया होती, मला ठरवता येत नव्हतं, आणि मला न ठरवता गप्प बसायची सवय नाही. कोणी चांगुलपणानं खोटं बोललं तर त्याचा निषेध करायचा की आभार मानायचे, याचं प्रशिक्षण आम्हाला कोणी दिलं नाही.

मग त्याने प्लास्टरचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. जड होता. कानाजवळ येऊन म्हणाला, "पण ते शेवटी ती उठली ना, खुर्ची पाडली. ते खरं होतं. ते असं करून दाखवता येत नाही. पाह्यलं ना तू?"

मी पाहिलं होतं. मी तिच्या समोरच बसले होते. ओरडायच्या आधी तिने चष्मा काढून टेबलावर नीट ठेवला होता, आणि खुर्ची पाडताना मागे कोणी नाही ना हे बघितलं होतं.

"पाह्यलं," मी म्हटलं. "खरं होतं ते."

सिग्नल सुटला.